रात्री 'आमची ऋणे सोड', सकाळी दहाला वसुली: रोजचं ख्रिस्ती जगणं

वेशीवरचा

मागे नाताळच्या फराळावरच्या धाग्यात एकांनी विचारलं होतं, "केक, झाड, चांदणी कळलं. बाकीचे ३६४ दिवस तुम्ही लोक नेमकं काय करता?" तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबलं, म्हणून हा वेगळा धागा. (केकचं म्हणाल तर आमच्या घरी करंज्या, शंकरपाळे आणि चिवडाच असतो. केक बेकरीतून येतो आणि शेवटी उरतो.)

माझी ओळख: वय ४९, नगर जिल्हा. आता अहिल्यानगर, पण बोटांना अजून सवय नाही. एका पतसंस्थेत वसुली विभागात आहे. आडनाव असं की ऐकल्याबरोबर समोरचा "कुठले तुम्ही? आमचे पाहुणे आहेत तिकडे" म्हणून नातं जोडायला लागतो. मी ख्रिस्ती आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कधी झालात?" मी नाही झालो हो. पणजोबा झाले. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं, पणजोबा त्यांच्या शाळेत शिकले. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि आमची मंडळी त्यात गेली, तरी आजोबा शेवटपर्यंत 'आपलं मिशन' असंच म्हणायचे.

तर दिवस. साडेपाचला उठतो. चहा होईपर्यंत पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचतो. रोज डोळे पाणावतात असं काही नाही. सध्या जुन्या करारातलं लेवीय हे पुस्तक चालू आहे. त्याच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीला चट्टा पडला तर याजकाने काय करायचं याचे नियम आहेत. ते वाचताना माझं सगळं लक्ष आमच्या मागच्या खोलीतल्या ओलीकडे. पण वाचतो. दात घासताना कुठे रोज उमाळा येतो?

दुपारी ऑफिसात डबा उघडायच्या आधी डोळे मिटून मनातल्या मनात आभार मानतो. चार-पाच सेकंद लागतात. नवीन लागलेला पोरगा पहिल्या आठवड्यात म्हणाला, "साहेब, डोकं दुखतंय का? गोळी आहे माझ्याकडे." आता तोही थांबतो तेवढा वेळ. थांबतो म्हणजे मोबाईल बघतो, पण घास घेत नाही.

रात्री आठला घरची प्रार्थना. आई, बायको, मी आणि बारावीतला मुलगा. मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. आई गीताचा क्रमांक सांगते, चष्मा न लावता, पाठ आहेत सगळे. चाली अभंगाच्या, ओवीच्या, साकीच्या. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी आमच्या उपासनेत भजन आणलं, नाहीतर आम्ही अजून विलायती चालींत मराठी शब्द कोंबत बसलो असतो. मग आई प्रार्थना करते. एकेकाचं नाव घेऊन, शेजारच्या काकूंच्या गुडघ्यासकट. काकू हिंदू आहेत, त्यांना याची खबर आहे, अधूनमधून गुडघ्याचा अहवाल देऊन जातात.

आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. ज्यासाठी हा धागा काढला ते आता सांगतो. आमच्या जुन्या भाषांतरात त्यातली एक ओळ अशी आहे: "आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड."

'सोडले आहे'. 'सोडू' नाही, 'सोडायचा प्रयत्न करू' नाही. आम्ही आधीच सोडलेलं आहे, त्या मापाने तू सोड. जवळपास चाळीस वर्षं रोज हे म्हणतोय आणि माझी भाकरी ऋण न सोडण्यावर चालते.

ऑफिसपेक्षा जवळचं आणखी एक ऋण आहे. धीर झाला तर त्यावर लिहीन.

हट्टी_मोगरा

छान लिहिलंय. एक विचारते, राग मानू नका. आमच्या नाशिकच्या कॉलनीत एक ख्रिस्ती वहिनी होत्या. तिळगूळ घ्यायच्या, वाण घ्यायच्या, पण हळदीकुंकू लावून घ्यायच्या नाहीत. प्रसादही "घरी नेते" म्हणायच्या, आणि आम्हाला पक्कं माहीत होतं की त्या खात नाहीत. तेव्हा मला फार लागलं होतं. आपण प्रेमाने देतो आणि समोरचा त्यात काय बघतो, असं वाटायचं. तुम्ही घेता का प्रसाद?

वेशीवरचा

@हट्टी_मोगरा, लागणारच. लागू नये असं त्या वहिनींनाही वाटत असणार, म्हणून तर 'घरी नेते' म्हणायच्या.

प्रसादाबद्दल आमच्यात एकमत नाही आणि भांडण नवीनही नाही. करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांनी प्रेषित पौलाला हेच विचारलं होतं. त्याने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय त्यावरच आहे. पौलाचं म्हणणं साधारण असं की अन्नाने आपण देवाजवळ जात नाही की लांब जात नाही, पण तुझ्या खाण्याने दुसऱ्या एखाद्या भावाचं मन डळमळत असेल तर तेवढं सांभाळ.

आई घेत नाही. ती कुणाला कमी लेखत नाही. "मी एकाला शब्द दिलाय," एवढंच म्हणते. मी खातो. आमच्या संस्थेत वर्धापनदिनाला सत्यनारायण असतो. खुर्च्या मी लावतो, पाहुण्यांचं मी बघतो, आरतीच्या वेळी नेमका पेढ्यांच्या खोक्यांचा हिशेब करायला आत जातो. सगळ्यांना माहीत आहे, कुणी हाक मारत नाही. शिरा बाहेर येऊन खातो. पण आईसमोर नाही. हे पौलाचं ऐकणं झालं की आईला भिणं झालं, याचा निकाल माझ्यापुरता अजून लागलेला नाही.

वाडीवाली

मी वसईची, कॅथलिक. तुमच्याकडे पाळक, आमच्याकडे फादर; तुमची उपासना, आमची मिस्सा. वाचताना सारखं वाटत होतं, चुलत घरात आल्यासारखं. भांडी तीच, फळ्या वेगळ्या.

आमचा दिवस घंटेवर चालायचा. दुपारी बाराची घंटा झाली की वाडीतली माणसं केळीच्या सऱ्यांत उभी राहायची, कोयता खाली ठेवून. आता वाड्याच कमी झाल्या, टॉवर आले. टॉवरला घंटा ऐकू येते, पण ती आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. संध्याकाळी जपमाळ अजून आहे. माझी आजी लॅटिन प्रार्थना पाठ म्हणायची, अर्थ अजिबात माहीत नसताना. साठच्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सगळं मराठीत आलं तेव्हा तिची पहिली तक्रार अशी की आता म्हणताना कळतं, त्यामुळे घाई करता येत नाही. घरी आम्ही सामवेदी ही आमची बोली बोलतो, प्रार्थना मात्र प्रमाण मराठीत. आजी देवाशी पुस्तकी मराठी बोलायची आणि गाईशी सामवेदी.

रोजचं म्हणाल तर माझं सगळ्यात अवघड काम उपासकाळात असतं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत. शुक्रवारी मटण-चिकन बंद, मासे चालतात. नवरा म्हणतो, यात कुणाचा त्याग? सुरमईचा? म्हणून मी एक वर्ष मांसाऐवजी चुगली सोडायची ठरवली. चाळीस दिवस. नवव्या दिवशी सकाळी भाजीवालीपाशी मोडली. मटण सोडणं परवडलं.

आणि हो, आमच्या प्रार्थनेत 'ऋण' नाही, 'अपराध' आहे. तुमचं जास्त टोचतं. अपराध हवेत राहतो, ऋणाला आकडा असतो.

तर्कट

वेशीवरचा, लेखनशैली चांगली आहे, पण मूळ मुद्द्याला बगल आहे. रात्री 'ऋण सोडले आहे' म्हणायचं आणि सकाळी दहा वाजता गरिबाच्या दारात जप्तीची नोटीस घेऊन उभं राहायचं. याला साध्या मराठीत ढोंग म्हणतात. एक तर ओळ सोडा किंवा नोकरी. मी नास्तिक आहे, मला दोन्हीचं काही नाही, फक्त विसंगती दाखवतोय.

कोरडवाहू

तर्कटराव, नोकरी सोडा म्हणणं सोपं. तुम्हाला माहीत आहे का, आमच्यातल्या किती जणांना सरकारी नोकरीची वाट कशी अरुंद झाली ते? आमचे आजोबा ज्या समाजातून आले त्याच वस्तीत आम्ही अजून राहतो, त्याच विहिरीवर आजीला लांब उभं केलं गेलं. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत राहायला हिंदू असावं लागतं. १९५६ साली शीख धरले, १९९० साली बौद्ध धरले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. राज्यात आम्हाला ओबीसीत धरतात, केवढी कृपा. माझ्या सख्ख्या मामाचं घर हिंदू राहिलं. त्याचा मुलगा आणि मी एका बाकावर शिकलो, दाखले दोन वेगळे.

लोक म्हणतात, मिशनकडून मिळतं ना तुम्हाला! काय मिळतं? एकदा यादी तरी द्या, मी जाऊन घेऊन येतो.

रोजचं ख्रिस्ती जगणं म्हणजे माझ्यासाठी हेच. शाळेच्या दाखल्यावर एक शब्द बदलला असता तर पोरीची फी वाचली असती, हे माहीत असून तो शब्द तसाच ठेवणं. आणि आतलंही सांगतो, लपवत नाही. मंडळीत लग्न जुळवताना 'मूळचे कुठले' असं हळूच विचारतातच. कुठले म्हणजे गाव नव्हे.

शब्दवेडी

थोडं अवांतर, पण ती ओळ डोक्यातून जात नाहीये. मत्तयाच्या शुभवर्तमानात, मूळ ग्रीकमध्ये, शब्द खरोखरच कर्जाचा आहे. लूकमध्ये हीच प्रार्थना येते तिथे आधी 'पापे' आहे आणि मग 'आमच्या ऋण्यांना' असा उल्लेख. येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा तिच्यात कर्ज आणि पाप या दोन्हींना एकच शब्द चालायचा, त्यामुळे हा घोळ. जुन्या मराठी भाषांतरकारांनी 'ऋण' ठेवलं हे धाडसाचं वाटतं, कारण आपल्याकडे ऋण हा शब्द *फेडण्याशी* जोडलेला आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. फेडायचं असतं, त्यासाठीच जन्म. ते 'सोडायचं' असतं ही कल्पना मराठी कानाला अजूनही परकी आहे. आपण सरकारी कर्जमाफीलासुद्धा नाकं मुरडतो. २००८, २०१७, २०१९, प्रत्येक वेळी मध्यमवर्गीय घरात तोच संवाद, "आम्ही हप्ते भरतो ते मूर्ख का?"

पंडिता रमाबाईंनी दौंडजवळच्या केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. त्यांनी या ओळीसाठी कुठला शब्द वापरला, कुणाकडे प्रत असेल तर बघून सांगा.

वेशीवरचा

@शब्दवेडी, 'फेडणं आणि सोडणं' हे मला ४९ वर्षांत सुचलं नव्हतं. प्रत माझ्याकडे नाही, पाळकसाहेबांना विचारतो.

@कोरडवाहू, सलाम. आमच्या मंडळीतही तेच चालतं. मी स्वतः बहिणीच्या वेळी विचारलं होतं.

@तर्कट, ढोंगाबद्दल. शब्द लागला, पण चुकीचा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या पावसाळ्यात एका बाईंकडे गेलो. नवऱ्याने पिठाच्या गिरणीसाठी कर्ज काढलेलं, नवरा वारला, मुद्दल एक लाख दहा हजार बाकी, वर व्याज, वर दंडव्याज. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघालेला, नियम १०७ खालची जप्तीची नोटीस माझ्या बॅगेत. बरोबर दोन सहकारी. आमच्या धंद्यातली जुनी रीत अशी की दारात उभं राहून मोठ्याने बोलायचं, शेजारपाजार बाहेर आला पाहिजे. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही, पण पैसे यानेच निघतात असा सगळ्यांचा अनुभव. माझाही. वीस वर्षं मी आवाज चढवूनच वसुली केली. त्यासाठी दोनदा बक्षीसही मिळालंय, भिंतीवरचं घड्याळ.

गिरणी चालू होती. बाईंनी नोटीस घ्यायच्या आधी पदराला हात पुसले, तरी कागदावर पांढरा अंगठा उमटला. त्यांनी तो झटकायचा प्रयत्न केला, जास्त पसरला. मग माझ्याकडे असं बघितलं की जणू सरकारी कागद खराब केल्याचाही दंड लागणार आहे.

मी दोघांना चहाला पाठवलं. गिरणीच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागत होतं, म्हणून त्यांनी पट्टा उतरवला. जात्याच्या कडेला बसून रोजचं दळण किती, वीजबिल किती, असा हिशेब काढला. रोज दीडशे रुपये पिग्मीत, म्हणजे रोजच्या बचतीच्या खात्यात, पडू शकत होते. एकरकमी परतफेड योजनेत संचालक मंडळाला दंडव्याज सोडता येतं, तो अर्ज मीच लिहिला, सही त्यांची. मंजूर झाला. गिरणी चालू आहे. मुद्दल सुटलेलं नाही, येतंय.

म्हणजे मी काही सोडलं नाही. ते माझं नव्हतंच. ठेवीदारांचं होतं, त्यांतही म्हाताऱ्या बायका आहेत. माझ्या हातात फक्त आवाज होता.

तर्कट

हे कुठलाही सभ्य नास्तिक करेल. त्याला देव लागत नाही.

वेशीवरचा

करेल. मी करत नव्हतो.

तर्कट

बरं. ढोंग शब्द मागे घेतो. घड्याळ अजून भिंतीवर आहे का?

वेशीवरचा

एक आहे. एक बंद पडलं.

हिंजवडी_फेज_तीन

मी तुमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. आमची फेलोशिप एका हॉलमध्ये भरते, गिटार-ड्रम्स, निम्मी गाणी हिंदी, निम्मी इंग्रजी. घरची म्हणतात हे चर्च आहे की कॉलेजचं गॅदरिंग. पण मला तिथेच पहिल्यांदा वाटलं की प्रार्थना ही मोठ्यांनी करायची आणि आपण 'आमेन' म्हणायची गोष्ट नाही.

रोजचं अवघड काय, तर एकटेपणा. टीममध्ये मी एकटीच. धर्मावरून कुणी त्रास देत नाही, खोटं का बोलू. पण एखादं व्हॉट्सॲप फॉरवर्ड येतं, 'तांदळाच्या पोत्यासाठी धर्म बदलणारे', आणि चाळीस जणांच्या ग्रुपवर तीन जण हसण्याची चित्रं टाकतात, ज्यांच्याबरोबर मी दुपारी जेवलेली असते. उत्तर द्यावं तर 'एवढं मनाला लावून घेऊ नकोस'. न द्यावं तर दिवसभर तेच डोक्यात. मागच्या वेळी मी फक्त लिहिलं, 'आमच्या घरी पोतं आलं नाही अजून, पत्ता चुकला वाटतं.' ग्रुप शांत झाला. एकाने नंतर येऊन सॉरी म्हटलं.

आणि ज्याने फॉरवर्ड टाकलं त्याच्यासाठी प्रार्थना करायची असते. करते. दात-ओठ खात करते.

गुड फ्रायडेला 'हॅपी' म्हणणाऱ्यांना मी माफ केलेलं आहे. ते सोपं आहे.

हट्टी_मोगरा

अगंबाई, मी 'हॅपी गुड फ्रायडे' पाठवलंय लोकांना! मग काय म्हणायचं असतं?

वाडीवाली

काहीच नाही. तो सुतकासारखा दिवस. दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या घरी कुणी मोठ्याने बोलत नाही. दोन दिवस थांबा आणि ईस्टरला काय हवं ते पाठवा. २०२४ साली तर ईस्टर ३१ मार्चला आला होता, वेशीवरच्यांचं काय झालं असेल?

वेशीवरचा

विचारू नका. पहाटे साडेचारला आम्ही कबरस्तानात जमतो, मेणबत्त्या घेऊन. उजाडताना पुनरुत्थानाची उपासना. वडिलांच्या कबरीजवळ उभा राहून "प्रभू उठला आहे" म्हणालो आणि दहा वाजता मार्चअखेरीच्या थकबाकीच्या यादीवर बसलो. रात्री अकराला घरी आलो तर आईने ताट झाकून ठेवलेलं, ईस्टरचं मटण गार झालेलं. मुलगा म्हणाला, "पप्पा, येशू उठला पण तुम्ही ऑफिसातून उठला नाहीत."

आता ते दुसरं ऋण. इथे कुणी मला ओळखत नाही म्हणून लिहितो.

माझा थोरला चुलतभाऊ. दादाच म्हणतो. २०१९ साली त्याच्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी मी ऐंशी हजार हातउसने दिले. चिठ्ठी नाही, व्याज नाही, घरचाच माणूस. 'दिवाळीपर्यंत देतो' म्हणाला. कुठली दिवाळी ते ठरलं नव्हतं. २०२१ मध्ये त्याने जुनी चारचाकी घेतली.

हे विसरता आलं असतं. पण दादा चर्चमध्ये पेटी वाजवतो. पेटी पुढे, तोंड मंडळीकडे. म्हणजे दर रविवारी दीड तास मला समोर तोच दिसतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सरळ सांगितलंय, वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. इथे तर माझ्याच मनात होतं. म्हणून मी पुढे जायचं बंद केलं. बाकावर बसून राहायचो, भाकर-द्राक्षारस घेऊन लोक परत यायचे, मी पाय आत घ्यायचो.

पाच महिने. पाळकसाहेब एकदा घरी आले. चहा घेतला, पावसावर बोलले, मुलाच्या बारावीवर बोलले. निघताना दारात वाकून चप्पल घालताना म्हणाले, "पाठीचा त्रास आहे का? पुढे येत नाही तुम्ही." मी 'हो' म्हणालो. प्रभुभोजन टाळण्यासाठी पाळकाशी खोटं.

मग मी मनात ठरवलं, सोडले ऐंशी हजार. बायकोला सांगितलं. आठवड्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती म्हणाली, "सोडायचे तर सोडा, पण सोडल्याचं मला रोज सांगू नका."

कोरडवाहू

वहिनींना माझा सलाम सांगा.

तर्कट

ऐंशी हजार सोडू नका. तुमचे कष्टाचे आहेत. क्षमा वगैरे ठीक, पण हा व्यवहार आहे.

वाडीवाली

मला तर्कटांचं अर्धं पटतं. क्षमा करणं वेगळं, पैसे बुडू देणं वेगळं. मत्तयाचाच अठरावा अध्याय बघा. भावाने अपराध केला तर जा, तो आणि तू एकांतात असताना त्याला सांग. एकांतात. आधी बायकोला नाही, पाळकाला नाही, आम्हालाही नाही. तुम्ही दादांना तोंडाने एकदा तरी मागितलेत का?

वेशीवरचा

नाही.

तर्कट

थांबा. तुम्ही वसुली अधिकारी आहात.

वेशीवरचा

होय.

हिंजवडी_फेज_तीन

ऑफिसात बसून जोरात हसले. माफ करा.

वेशीवरचा

(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतोय. गेलो दादाकडे. संध्याकाळची वेळ, तो अंगणात पेटी उघडून बसला होता, स्वर दुरुस्त करत. मी वीस वर्षं लोकांच्या दारात बोललेलं एकही वाक्य तोंडातून येईना. शेवटी म्हणालो, "दादा, ते ऐंशीचं काय करायचं?"

तो थांबला. रागावला नाही, नवल वाटल्यासारखा बघत राहिला. म्हणाला, "ते फिटलं असं धरून चाललो होतो मी. काकांच्या ऑपरेशनला दिले होते ना मी पस्तीस. तेव्हा तूच म्हणाला होतास, दादा, हे मी विसरणार नाही."

२०११. वडिलांचं ऑपरेशन. मी पूर्ण विसरलो होतो. घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "दिले होते त्याने. पत्र्याच्या डब्यातून आणून दिले होते. तुझ्या बाबांनी परत केले की नाही ते मला आठवत नाही." बाबांना विचारायची सोय नाही.

तर्कट

म्हणजे ऐंशी वजा पस्तीस. निव्वळ येणे बाकी पंचेचाळीस हजार.

वेशीवरचा

व्याज धरलं नाहीत. १२ टक्के चक्रवाढीने पस्तीस हजाराचे आठ वर्षांत शहाऐंशी हजार सहाशे होतात. २०११ ते २०१९. परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवताच हिशेब झाला, आमच्या धंद्यात तो तोंडपाठ असतो. म्हणजे ज्या दिवशी मी ऐंशी दिले त्या दिवशी माझ्याकडेच साडेसहा हजार निघत होते.

वाडीवाली

मग दादांनी सोडले का ते?

वेशीवरचा

विचारलं नाही अजून. पेटीच्या भात्याला भोक पडलंय, ती शनिवारी नगरला दुरुस्तीला न्यायची आहे, दोघं मिळून जाणार आहोत. गाडी त्याची. पेट्रोल कुणी टाकायचं ते ठरायचंय.